पापड आला, फोटो काढा

हर्षदने टेबलावर कागदाची पुडी ठेवली आणि उलगडली. आत पापडाचा तुकडा होता आणि त्यात रुतलेला बारीक काळा खडा.

"काका, कल्याणचं गिऱ्हाईक होतं. दात हलला म्हणतो."

मोरोपंतांनी चष्मा पुसून खडा नीट पाहिला. "दात आधीपासून हलत असेल."

"असेल. पण तो गाडी वळवून परत आला. दुकानात माणसं असताना."

हर्षदचं कोलाडला हायवेवर दुकान होतं. 'वत्सला पोहे पापड' सगळ्यात जास्त तिथेच खपत. पाकिटावरची वत्सला म्हणजे मोरोपंतांची बायको. ती जाऊन दीड वर्ष झालं होतं. पेणच्या त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये बायका अजून तिच्याच प्रमाणाने पीठ मळत आणि तिच्याच आकाराचे पापड लाटत. फक्त एक काम तिच्याबरोबर गेलं होतं. वाळलेला प्रत्येक पापड ती उजेडासमोर धरायची आणि फाटका, डागाळलेला, खडा असलेला बाजूला टाकायची. बोलता बोलता करायची, भाजीवाल्याशी भांडता भांडता करायची, आणि कधी चुकायची नाही.

आता ते काम मोरोपंत करत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यामुळे त्यांना एका डोळ्याने सगळे पापड चांगले दिसत आणि दुसऱ्याने सगळे खराब. बायकांना सांगून पाहिलं होतं, पण आपण लाटलेला पापड स्वतःच्या हाताने टाकून द्यायला कोणाचं मन होत नव्हतं. ठमाबाई तर फाटका पापडही दोन्ही बाजूंनी कौतुकाने बघून म्हणायची, "तळल्यावर कोन बघतो?"

"मी काय म्हणतो काका," हर्षद म्हणाला, "तुम्ही मला पापड सुटे द्या. मी माझ्या दुकानाचं लेबल लावतो. मग शिव्या पडल्या तर मला पडतील. काकूंच्या नावाला बोल नको."

हे त्याने इतक्या चांगल्या मनाने सांगितलं की मोरोपंतांना रागावताही येईना. वाईट मनाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पाकिटावरून तिचं नाव काढायचं म्हणजे ती दुसऱ्यांदा घरातून जाणार. पण असलं काही हर्षदसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. म्हणून ते भलतंच बोलले.

"होळी झाली की ये. तुझ्या हाताने वाटेल तेवढे खराब पापड चांगल्यांत मिसळ. त्यातला एक जरी आमच्याकडून पुढे गेला तर लेबल तुझं."

हर्षद बरं म्हणून गेला. मोरोपंत खुर्चीत बसून राहिले. हे बोलताना त्यांच्या डोक्यात कसलीही योजना नव्हती. आयुष्यभर एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला ठामपणे बोलायची सवय असते. गाडी कुठे आहे हे माहीत नसतानाही "येते आहे, बसा" असं म्हणावं लागतं.

योजना मिळाली ती रोह्याला, लेकीकडे. जावई विराज धाटावच्या एका कंपनीत पाळीने जात असे. जेवताना त्याने सहज सांगितलं, की एमआयडीसीतल्या एका कारखान्याने बाटल्या तपासायची जुनी लाइन मोडीत काढलीय, कॅमेऱ्यासकट. सगळं रोह्याच्या भंगारवाल्याकडे पडलंय.

"बाटल्या तपासायचा कॅमेरा? म्हणजे खराब बाटली तो ओळखायचा?"

"ओळखायचा आणि बाजूला काढायचा."

मोरोपंतांनी ताट सरकवलं. "ऊठ."

"बाबा, आमटी तरी संपवा," सावनी म्हणाली. पण तोवर सासरा आणि जावई चपला घालत होते.

संध्याकाळी टेम्पोतून जे सामान पेणला उतरलं ते बघायला आळी जमली. एक आखूड पांढरा पट्टा, त्याची मोटर, पट्ट्याच्या खाली बसवायचा दिवा, मुठीत मावेल एवढा कॅमेरा आणि वायरींचं एक जाळं. शेजारचा गिरणीवाला काळुराम कॅमेरा हातात घेऊन म्हणाला, "पंत, याला तर बटनच नाय. फोटो काढायचा कसा?"

प्रश्न अडाणीपणाचा वाटला, म्हणून मोरोपंत हसले. पुढचा महिना तो प्रश्न त्यांच्याकडे बघून हसणार होता.

रविवारी विराजने सगळं जोडलं. जुन्या लॅपटॉपला चांगले पापड दाखवले, खराब दाखवले, फरक शिकवला. पट्टा सुरू झाला. ठमाबाई आणि पूजा एका टोकाला बसून पापड ठेवू लागल्या. कॅमेरा आपल्या मनाने फोटो काढत सुटला. लॅपटॉपवर पाहिलं तर रिकामा पट्टा, रिकामा पट्टा, पापडाची कड, रिकामा पट्टा.

"याला कधी फोटो काढायचा ते सांगावं लागतं," विराज म्हणाला. "त्याला ट्रिगर म्हणतात. पट्ट्याच्या कडेला हा छोटा डोळा आहे ना, याच्यासमोर पापड आला की हा कॅमेऱ्याला खूण करणार. पण कॅमेरा वीतभर पुढे आहे. म्हणून त्याने खूण मिळाल्यावर जरासं थांबायचं, पापड बरोबर खाली आला की शटर उघडायचं. आणि शटर उघडं आहे तेवढ्यातच खालचा दिवा लागला पाहिजे."

"मग त्यात काय?" मोरोपंत म्हणाले. 'त्यात काय' म्हणणारी माणसं पुढे काय भोगतात ते त्यांनी स्टँडवर पुष्कळ पाहिलं होतं, पण ते दुसऱ्यांच्या बाबतीत.

पहिल्या दिवशी दिवा शटर मिटल्यावर लागला. सगळे फोटो काळेकुट्ट. काळुराम म्हणाला, अमावस्या जवळ आलीय म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी दिवा वेळेवर लागला, पण शटर जास्त वेळ उघडं राहिलं आणि तेवढ्यात पापड पुढे सरकला. फोटोत पापड पुरणपोळी दुमडावी तसा लांबट आणि धूसर दिसत होता. पूजाने तो बघून विचारलं, "काका, यो पापड पलून चाललाय का?" शटर आखूड केलं. आता उजेड पुरेना. दिवा वाढवला. शेवटी एक पापड असा लख्ख आला की त्यातलं जिरं न् जिरं मोजता यावं. मोरोपंतांनी तो फोटो रोह्याला पाठवला. सावनीने उत्तरादाखल अंगठा पाठवला. बापाच्या पराक्रमाला अंगठा, असं त्यांना वाटून गेलं.

पण लगेच नवीन दुखणं निघालं. पापड यायच्या आधीच कॅमेरा फोटो काढू लागला. एक पापड जाई तेवढ्यात फोटो तीन-चार होत, आणि खरा पापड खाली येई तेव्हा कॅमेरा आधीचे फोटो आवरण्यात गुंतलेला असल्याने त्याला नवी खूण ऐकूच येत नसे. विराज रात्रपाळीला होता. मोरोपंत स्वतः खुर्ची टाकून डोळ्यासमोर बसले. बराच वेळ बघितल्यावर त्यांना चोर सापडला. ठमाबाईने पट्ट्यावर पापड ठेवायला हात पुढे केला की तिच्या मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या डोळ्यासमोर चमकत. डोळा बिचारा प्रत्येक बांगडीला पापड समजत होता.

कारण सापडल्याच्या आनंदात मोरोपंत सरळ बोलून गेले.

"ठमाबाई, काम करताना तेवढ्या बांगड्या काढून ठेवाल का?"

शेडमध्ये लाटणी थांबली.

"काय बोललाव भाऊ?"

"नाही, म्हणजे कामापुरत्या. या डोळ्याला चालत नाहीत."

"माजा कान्हू जिता हाय अजून," ठमाबाई म्हणाली आणि हात पदराला पुसून उभी राहिली. "वयनी असती त तुमाला यो बोलायची हिंमत झाली नसती. चल गो पूजा."

पूजा उठली. पूजाच्या मागे बाकीच्या उठल्या. शेडमध्ये मोरोपंत, पट्टा आणि कॅमेरा एवढेच उरले आणि डोळ्यासमोर कोणीच नसल्याने कॅमेरासुद्धा गप्प बसला.

बातमी पेणहून रोह्याला एसटीच्या आधी पोचली. सावनीचा फोन आला. "बाबा, तुम्ही बायकांना बांगड्या काढायला सांगितलंत?"

"अगं, काच चमकते, त्यामुळे ट्रिगर—"

"ट्रिगर राहू दे. आधी जाऊन माफी मागा."

संध्याकाळी मोरोपंत ठमाबाईच्या दारात गेले. कान्हू ओसरीवर बसून जाळं विणत होता. त्याने पाणी दिलं, आणि मग गंभीरपणे विचारलं, "भाऊ, मी जिता हाय का नाय ते तुमच्या यंत्रान बघून सांगाचं होतं का?" आतून हसण्याचा आवाज आला. मोरोपंतांची इज्जत गेली, पण बायका दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, हे त्यांनी त्या व्यवहारात फायदा म्हणून धरलं. ठमाबाई जास्तीच्या दोन बांगड्या भरूनच आली होती.

मग बदलायचा होता तो डोळा. तो पट्ट्यावर पुढे, कोणाचा हात पोचणार नाही तिथे सरकवला. विराजने त्याला आणखी एक शिस्त लावली. समोर काही तरी क्षणभर चमकून गेलं तर खूण करायचीच नाही, पापडाएवढा वेळ कोणी समोर राहिलं तरच करायची. डोळा कॅमेऱ्याच्या जवळ आल्याने थांबायचा वेळ पुन्हा लावावा लागला. पण लागला. आता मनगटं कितीही चमकली तरी कॅमेऱ्याला त्याचं काही नव्हतं.

राहिला खराब पापड बाहेर काढायचा प्रश्न. त्यासाठी हवेची फुंकर हवी. सायकलच्या दुकानातला जुना कॉम्प्रेसर आणला. पहिल्या फुंकरीला पापड शेडच्या बाहेर गेला, कुंपण ओलांडून काळुरामच्या गिरणीत शिरला आणि दळण घेऊन उभ्या असलेल्या सीताबाईंच्या डब्यात पडला. त्या बाई दोन दिवस सांगत होत्या, की आपल्याला पापडाचा कौल मिळाला. फुंकर कमी केली.

आणि एका सकाळी सगळं जमलं. पापड येई, डोळा खूण करी, कॅमेरा थांबे, दिवा लखकन लागे, खराब असेल तर पुढे फुंकर येई आणि पापड पिंपात, चांगला असेल तर सरळ टोकाच्या डब्यात. मोरोपंत शेडमध्ये हात मागे बांधून फिरू लागले. स्टँडवर दिवाळीच्या जादा गाड्या वेळेवर सुटल्यावर ते असेच फिरत. दुपारी जेवून आले तर पिंपात चांगले पापड पडलेले आणि डब्यात खराब.

लॅपटॉपवर फोटो पाहिले. प्रत्येकात अर्धा पापड, चतकोर पापड, नखाएवढा पापड. सकाळचं यंत्र तेच, माणसं तीच. तेवढ्यात शेजारी गिरणीचा घरघराट थांबला आणि फोटोत पापड पुन्हा पूर्ण येऊ लागले.

काळुरामची गिरणी सुरू झाली की आळीतल्या दिव्यांचा उजेड उतरतो हे सगळ्यांना माहीत होतं. आता कळलं की पट्टाही मंद होतो. कॅमेरा मात्र ठरलेला वेळ थांबून फोटो काढतो. पापड अजून मागे असतो.

"मग मी दलन बंद करू का?" काळुरामने विचारलं. "लोकांना सांगतो, पंतांचा पापड फोटोला बसलाय, उद्या या."

मोरोपंत विजेच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंनी बिल पाहिलं.

"दाबाची तक्रार मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच करायची. वत्सला मोरेश्वर कोण?"

"माझी बायको."

"त्यांना पाठवा."

"ती नाही आता."

बाई वरमल्या. खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मग काका, आधी मीटर तुमच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणा. मग ही तक्रार घेते."

हे सगळं रीतसरच होतं. पण मोरोपंतांनी बिल घडी करून खिशात ठेवलं आणि ते उठले. पाकिटावरचं नाव वाचवायला निघालेला माणूस मीटरवरचं नाव खोडून घरी येणार, हे त्यांना झेपेना. मीटर राहू दे तिच्या नावावर. बिल तर वेळेवर भरतोच.

घरी जायची इच्छा नव्हती म्हणून ते स्टँडवर जाऊन बाकावर बसले. रोह्याची गाडी यायची होती. फलाटावर एक गृहस्थ नव्या नियंत्रकाशी भांडत होते. "वेळ होऊन गेली, गाडी कुठाय?" नवा नियंत्रक वेळापत्रकावर बोट ठेवून म्हणत होता, "वेळेप्रमाणे गाडी आत्ता इथे आहे."

मोरोपंतांना हसू आलं. त्यांनी नोकरीत वेळापत्रकावरून गाडी कधीच पुकारली नव्हती. आमटेमला चहाची टपरी होती. रोह्याकडून येणारी गाडी टपरीसमोरून गेली की टपरीवाला फोन करायचा. मग पुढे गडबच्या वळणावरून दुसरा फोन यायचा. तो आला की मोरोपंत माईक हातात घ्यायचे. हायवे तुंबलेला असो की मोकळा, पुकारा आणि गाडी एकदमच यायची. घड्याळ विचारायचं कशाला? गाडी रस्त्यावर किती पुढे आली ते विचारायचं.

ते बाकावरून उठले ते फोन लावतच उठले.

"विराज, कॅमेऱ्याला घड्याळ बघायला सांगू नकोस. पट्टा किती पुढे सरकला ते बघायला सांग. पट्टा मंद झाला तर होऊ दे. डोळ्यापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर तर तेवढंच राहतं ना?"

मग विराज म्हणाला, "बाबा, याला एन्कोडर म्हणतात. एक लहानसं चाक असतं, पट्ट्याला टेकून फिरतं आणि फिरेल तसे ठोके देतं. आपण तेवढे ठोके मोजून फोटो काढायचा." आणि जरा ओशाळून, "ते त्या भंगारात होतं. मला वाटलं जादाचा भाग आहे, म्हणून तिथेच ठेवून आलो."

मोरोपंत समोर लागलेल्या रोह्याच्या गाडीत चढले. पुढचा तासभर त्यांनी जावयाला मनात जे काही ऐकवलं ते सावनीच्या संसारासाठी इथे देत नाही. चाक भंगारवाल्याकडे मिळालं. एका मुलाच्या खेळण्याला लावलेलं होतं, ते बिस्किटाचा पुडा देऊन सोडवलं.

होळीनंतर हर्षद आला. टोपलीभर पापड त्याने शेडच्या कोपऱ्यात नेले, पाठ करून बसला आणि आपल्या घरून आणलेले खराब पापड त्यांत मिसळले. प्रत्येक खराब पापडाच्या पाठीमागे त्याने खडूची बारीक खूण केली होती, म्हणजे पुढे वाद नको. आळी पुन्हा जमली. काळुराम दारात उभा राहून म्हणाला, "पंत, गिरणी बंद ठेवू?"

"नको," मोरोपंत म्हणाले. "चालू कर."

गिरणी घरघरली. शेडमधला दिवा पिवळा पडला. पट्टा मंद झाला, आणि पट्ट्याला टेकलेलं ते चिमुकलं चाकही तेवढंच मंद झालं. ठमाबाईने पापड ठेवायला सुरुवात केली. बांगड्या वाजत होत्या. डोळा गप्प होता. पापड त्याच्यासमोर आला, खूण झाली, चाकाने ठोके मोजले, दिवा लखकन लागला. पापड पुढे. दुसरा पुढे. तिसऱ्याला फुंकर.

मध्येच काळुरामने मुद्दाम गिरणी बंद केली. पट्टा एकदम वेगात आला. हर्षद पुढे वाकला. मोरोपंतांनी चेहरा रोह्याची गाडी पुकारतानाचा ठेवला होता. दिवा आपल्या जागी लागत राहिला. फुंकर आपल्या जागी येत राहिली.

टोपली संपली. हर्षदने डब्यातला एकेक पापड उलटून खडूची खूण शोधली. एकही नव्हती. मग तो पिंपाकडे वळला. तिथे खुणेचे सगळे होते, आणि बिनखुणेचा एक.

"काका, हा चांगला होता," हर्षद म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी आशा होती. "हा तुमचाच आहे. चांगला पापड टाकला यंत्राने."

मोरोपंतांनी पापड घेतला. त्यांना काहीच दिसेना. त्यांनी तो ठमाबाईकडे दिला. ठमाबाईने तो दारातल्या उजेडासमोर धरला, वत्सला धरायची तसाच हात वर करून, आणि बोटाच्या चिमटीने त्यावरून काहीतरी उचललं. एक आखूड केस. मेंदीने तांबडा केलेला.

आळीत केसाला मेंदी लावणारा माणूस एकच नव्हता. पण मिशीला लावणारा एकच होता, आणि तो कोलाडहून आला होता.

सगळे हर्षदच्या मिशीकडे बघू लागले. हर्षदने हात मिशीवर ठेवला. पापड मिसळताना तो टोपलीवर ओणवा होऊन बसला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"यंत्रान पकडलाव तुमाला," ठमाबाई म्हणाली. पूजा पदर तोंडात कोंबून शेडच्या मागे पळाली. काळुराम दाराच्या चौकटीला धरून हसत खाली बसला.

हर्षद चांगला माणूस होता. तोही हसला, जरा उशिराने. "काका, लेबल राहू दे," तो म्हणाला. "आणि या खेपेला दुप्पट पाकिटं द्या. दर्शनी मांडतो."

"मिशी झाकून मांड," मोरोपंत म्हणाले.

सगळे गेल्यावर मोरोपंत स्वयंपाकघरात आले. वत्सला गेल्यापासून त्यांनी घरात पापड तळला नव्हता. आज तळायचा असं त्यांनी ठरवलं. कढईत तेल तापवलं, डब्यातला पास झालेला पापड त्यात सोडला, आणि भांडी आवरायला आलेल्या ठमाबाईला सांगू लागले, की क्षणाच्या हजाराव्या हिश्शाचा हिशेब आहे ठमाबाई, त्याच्या आत शटर उघडून मिटतं, दिवा लागून विझतो, एवढी वेळ साधणं म्हणजे—

"भाऊ, पापड," ठमाबाई म्हणाली.

पापड कोळशासारखा काळा झाला होता. मोरोपंतांनी तो झाऱ्याने बाहेर काढला, ताटलीत ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. हे काम मीच करते, तुम्ही लांब राहा, असं वत्सला का म्हणायची ते त्यांना आज कळलं.

मग त्यांनी तो सगळा खाल्ला.